कर्ज थकलं, धंदा बसला: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन पाण्यात गेलं, कारखान्यातली दुसरी पाळी बंद झाली, मोंढ्यातली उधारी परत येईना. कारण काहीही असो, प्रश्न त्याच चार-पाच वाटांनी येतात. उत्तरं मात्र एकसारखी नसतात. बँक, सोसायटी, पतसंस्था, गट, सावकार, मुकादम या प्रत्येकाच्या देण्याला वेगळा कायदा लागू होतो. म्हणून कोणताही प्रश्न वाचताना आधी पाहा, तुमचं देणं कोणाचं आहे.

१. देणं नेमकं किती आहे हेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

एक वही घ्या आणि प्रत्येक देण्याला एक पान द्या. पानावर सात गोष्टी लिहा: कोणाकडून घेतलं, कधी, मुद्दल, व्याज, तारण, जामीनदार, आणि तुम्ही शेवटचा पैसा कधी भरला. ही शेवटची तारीख लोक हमखास गाळतात, पण पुढे तीच कामी येते (प्रश्न १९). बँकेतून खातेउतारा घ्या, सोसायटीच्या सचिवाकडून येणेबाकीचा दाखला घ्या. सीबिलसारख्या पतमाहिती कंपनीचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. ताजा सातबारा काढून ‘इतर हक्क’चा रकाना वाचा. फेडलेल्या कर्जाचा बोजा तिथे तसाच बसलेला असणं नेहमीचं आहे.

सगळं व्याज वर्षाच्या हिशेबात मांडा. सावकाराचं ‘शेकडा पाच’ हे महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ६० टक्के. एक वर्षाच्या मासिक हप्त्यांवर ‘फ्लॅट बारा टक्के’ सांगितलं असेल, तर घटत्या शिलकीवर ते साधारण २१-२२ टक्के पडतं. हे मांडल्यावर कोणतं कर्ज घर खातंय ते त्याच रात्री दिसतं.

२. पैसे थोडे, देणेकरी दहा. आधी कोणाला द्यायचे?

बहुतेक घरांत जो रोज दारात येतो त्याला आधी मिळतात. हा क्रम चुकीचा आहे. आधी धान्य, औषध, मुलांची फी, वीजबिल, आणि ज्यावर पोट चालतं ते अवजार: शिलाई मशीन, रिक्षा, पंप. त्यानंतर घर तारण असलेलं कर्ज आणि ज्या देण्यापोटी चेक वटायला जाणार आहे ते. त्यानंतर सर्वांत महाग व्याजाचं. पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्ड यांचे फोन सर्वांत जास्त येतात, पण तिथे तारण नसतं, म्हणून ती या रांगेत मागे.

एक कर्ज फेडायला दुसरं काढायचं असेल, तर नवं व्याज जुन्याच्या निम्म्याच्या आसपास असलं तरच काढा. सोनं गहाण ठेवून शेकडा पाचचा सावकार मोकळा करणं हिशेबात बसतं. ॲपवरून घेऊन गटाचा हप्ता भरणं बसत नाही.

३. हप्ता अजून चुकलेला नाही, पण पुढच्या महिन्यात चुकणार. बँकेत आताच जाऊ का?

आताच जा. सगळ्या वाटाघाटीत सर्वांत जास्त जोर याच दिवसांत असतो. हप्ता थकल्यावर ३० दिवस, ६० दिवस असे टप्पे पडतात आणि ९० दिवस ओलांडले की खातं अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत) होतं. त्यानंतर शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही, फाइल वसुली विभागाकडे जाते.

तोंडी बोलून येऊ नका. एक पानी अर्ज द्या: खाते क्रमांक, आजवर किती हप्ते वेळेवर भरले, उत्पन्न कशामुळे आणि किती घटलं, आता महिन्याला किती भरू शकता, नेमकी मागणी काय. सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, जुनी-नवी पगारपत्रकं किंवा धंद्याचा सहा महिन्यांचा बँक उतारा जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा.

मुदत वाढवून मागताना किंमतही समजून घ्या. ३ लाख बाकी, १२ टक्के व्याज, २४ महिने उरलेत, तर हप्ता सुमारे १४,१२० रुपये. मुदत ४८ महिने केली की हप्ता ७,९०० वर येतो, पण एकूण व्याज ३९ हजारांवरून ७९ हजारांवर जातं. नोकरी गेलेल्याला हा सौदा परवडतो. हप्ता भरू शकणाऱ्यानं नुसत्या सोयीसाठी करू नये.

दंडाचंही पाहा. बँका आणि वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमानं थकबाकीवर दंडाचं जादा व्याज लावता येत नाही. ठरलेलं दंडशुल्क लावता येतं, पण ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज काढता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या.

४. अतिवृष्टीनं पीक गेलं. पीककर्जाचं काय होतं?

आपोआप काही होत नाही, हे आधी लक्षात घ्या. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि शासनानं तुमचं गाव बाधित जाहीर केलं असेल, तर बँक थकण्याआधी पीककर्जाचं मध्यम मुदतीच्या कर्जात पुनर्गठन करू शकते आणि पुढच्या हंगामाला नवं पीककर्जही देऊ शकते. त्यासाठी अर्ज आणि संमती तुमचीच लागते. पंचनाम्याची प्रत, सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद जोडा. ई-पीक पाहणी राहिली असेल तर इथेच अडतं. शेतात कापूस उभा आणि उताऱ्यावर रान पडीक, अशी प्रकरणं दर हंगामात निघतात.

अनुदानाची किंवा पीकविम्याची रक्कम बँकेनं कर्जात वळती केली किंवा खात्याला ‘होल्ड’ लावला, तर शाखेला लेखी अर्ज देऊन प्रत जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. शासन मदतीच्या आदेशांत ही रक्कम कर्जात वळती करू नये असं बजावत असतं. त्या आदेशाची प्रत अर्जाला लावली की काम लवकर होतं.

५. ‘नवं-जुनं’ करण्यासाठी आठ दिवसांसाठी सावकाराकडून पैसे घेऊ का?

‘नवं-जुनं’ म्हणजे जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलणं. त्यात व्याज वाचतं हे खरं आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलती मिळून ते शून्य टक्क्यावर येतं, म्हणून लोक धडपडतात. धोका एकच, पण मोठा: तुम्ही भरलं आणि बँकेनं नवं वाटप लांबवलं, तर आठ दिवसांचे तीन महिने होतात आणि शेकडा पाचनं १५ टक्के जातात. भरण्याआधी नव्या मंजुरीचं लेखी घ्या किंवा निदान कागदपत्रांची छाननी पूर्ण करून घ्या. ज्या शाखेचं वाटप मागच्या वर्षी रखडलं होतं, तिथे हा डाव खेळू नका.

६. कर्जमाफी येणार म्हणतात. भरणं थांबवू का?

आमचं मत स्पष्ट आहे: भरण्याची ऐपत असेल तर थांबवू नका. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा होती. २०१९ च्या योजनेत २ लाखांची मर्यादा होती आणि १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं, ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं कर्जच धरलं गेलं. पात्रतेची तारीख अशी मागची धरली जाते, त्यामुळे घोषणेची चाहूल लागल्यावर थकवलेलं कर्ज अनेकदा बसतच नाही. शिवाय ट्रॅक्टर, ठिबक, गट, सोनेतारण या देण्यांना पीककर्जाची माफी लागू होईल असं धरून चालू नका.

७. गटाचं कर्ज आहे. हप्ता चुकला की बाकीच्या बाया घरात येऊन बसतात. हे कायदेशीर आहे का?

आधी गट कोणता ते पाहा. बचत गटाचं बँक कर्ज वेगळं, मायक्रोफायनान्स कंपनीचा गट वेगळा. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण मायक्रोफायनान्स कर्जाला १ एप्रिल २०२२ पासूनचे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. वसुली ठरलेल्या जागीच व्हायला हवी. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तुम्ही आला नाहीत तरच घरी येता येतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर त्याचा दंडच नाही.

शेजारणींना दारात बसवणं ही कंपनीचा दबाव गटाच्या अंगावर ढकलण्याची पद्धत आहे. त्यांचंही बिघडलेलं असतं, त्यांच्याशी भांडू नका. एका बाईवर चार कंपन्यांची कर्जं असतील तर चारही कार्डं एकत्र मांडा आणि ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडून ज्यांनी शेवटी दिलं त्यांच्याकडे आधी लेखी तक्रार करा.

८. वसुलीवाले नातेवाइकांना फोन करतात, शिवीगाळ करतात. काय करू?

बँक किंवा वित्त कंपनीच्या एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही (मायक्रोफायनान्सची वेळ प्रश्न ७ मध्ये). ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. रोख रक्कम पावतीशिवाय देऊ नका. फोन रेकॉर्ड ठेवा, तारीख-वेळ वहीत लिहा. धमकी असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. सोबत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पोर्टलवरून फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथे लोकपाल चालत नाही. राज्यातल्या पतसंस्थेसाठी सहायक किंवा जिल्हा उपनिबंधक, मल्टिस्टेटसाठी केंद्रीय निबंधक.

९. ॲपवरून दहा हजार घेतले, आता फोटो व्हायरल करायची धमकी देतात.

नवा पैसा देऊ नका, धमकी थांबत नाही. नियमानुसार कर्ज थेट बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीकडून तुमच्या खात्यात यायला हवं, आधी माहितीपत्रक मिळायला हवं, आणि ॲपला तुमच्या फोनबुक आणि गॅलरीत शिरता येत नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव कुठेच सापडत नसेल तर ती टोळी समजा. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० वर सायबर तक्रार करा, फोनबुकातल्या लोकांना स्वतःच एक संदेश पाठवून सावध करा. लोकांना आधीच कळलेलं असलं की धमकीत दम राहत नाही.

१०. सावकार शेकडा पाच घेतो. कायद्यानं किती घेता येतं?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकाराचे दर ठरलेले आहेत. शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. इतरांना तारणी १५ आणि विनातारण १८ टक्के. शिवाय दामदुपटीचा नियम आहे: व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये.

५० हजारांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला २,५००. विसाव्या महिन्यात तुम्ही मुद्दलाइतकं व्याज भरून बसता आणि मुद्दल जागच्या जागी. शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर कायद्याचा दर धरला तर महिन्याला ७५०. परवाना असलेल्या सावकारानं पावती आणि हिशेबाचा उतारा देणं बंधनकारक आहे. परवानाच नसेल तर सावकारी हाच गुन्हा: ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयात. तिथे परवानाधारकांची यादीही मिळते. मित्रानं बिनव्याजी दिलेले हातउसने पैसे सावकारीत मोडत नाहीत, त्याच्यावर अशी तक्रार करू नका.

११. पैशापोटी जमिनीचं खरेदीखत करून दिलं, ‘पैसे दिले की उलटून देतो’ म्हणाला. आता देत नाही.

मराठवाड्यात गहाणखताऐवजी सर्रास असं खरेदीखत होतं, आणि कागदावर तो खराखुरा मालक दिसतो. तरी वाट आहे. अवैध सावकारीच्या ओघात घेतलेली स्थावर मिळकत परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. व्यवहार अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांतला हवा.

सगळं पुराव्यावर अवलंबून आहे. खतातली किंमत त्या वर्षीच्या शासकीय दरापेक्षा खूप कमी आहे का? खत झाल्यावरही ताबा तुमचाच होता का? पीकपाहणी, खताच्या दुकानाच्या पावत्या, कृषिपंपाचं बिल, ऊस घातल्याच्या कारखान्याच्या पावत्या हे ताबा सांगतात. खरेदीदारानं त्याच काळात इतरांकडूनही अशीच खतं करून घेतली का? दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनमध्ये (नोंदलेल्या खतांच्या यादीत) त्याच्या नावानं शोध घ्या. तेच दोन साक्षीदार पाच खतांवर सापडले की प्रकरण उभं राहतं. खात्यावर किंवा फोनवर भरलेल्या व्याजाचे पुरावेही जोडा. एक खत, एक तोंडी साक्ष, एवढ्यावर बहुतेक अर्ज पडतात.

जमीन तिसऱ्याला विकली जाईल अशी भीती असेल, तर वकिलाकडून दिवाणी दावा आणि मनाईचा अर्जही सोबतच दाखल करा.

१२. कोरे सही केलेले चेक दिलेत. तो भरून टाकेल?

टाकू शकतो, आणि सही तुमची असेल तर चेक देण्यापोटीच दिला असं न्यायालय सुरुवातीला धरून चालतं. ते खोडायचं ओझं तुमच्यावर. चेक परत गेला की समोरच्यानं बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, तुम्हाला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस भरायला, आणि त्यानंतर एका महिन्यात त्यानं फिर्याद करायची. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नोटीस न स्वीकारणं ही सर्वांत महागडी चूक. रजिस्टर घ्या, १५ दिवसांत उत्तर द्या, उत्तरात चेक कधी, कशासाठी, कोरा दिला आणि त्यापोटी किती फेडलं ते तारखांसह लिहा. पुढे खटल्यात हेच उत्तर तुमचा पहिला साक्षीदार होतं. चेकचं प्रकरण कोणत्याही टप्प्यावर तडजोडीनं मिटवता येतं.

१३. ऊसतोडीला कारखान्यावर जायची उचल (आगाऊ रक्कम) घेतली होती. आजारपणामुळे हंगाम अर्धा राहिला, मुकादम उरलेली रक्कम व्याजासकट मागतो आणि पुढच्या वर्षी जबरदस्तीनं नेणार म्हणतो.

दोन गोष्टी वेगळ्या करा. उरलेली उचल हे हिशेबाचं देणं आहे. तुमच्या कोयत्यानं (तोडणाऱ्या जोडीनं) किती टन तोडलं, दर काय, मुकादमाचं कमिशन किती, हे मांडून रक्कम ठरवा. कारखान्याच्या तोडणीच्या स्लिपा जपून ठेवा, हिशेब त्यांच्यावरच जुळतो. पण देण्यापोटी माणसाला दुसरीकडे काम करू न देणं, अडकवून ठेवणं, किमान वेतनाखाली राबवणं ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्यानं तसं देणंच संपुष्टात येतं. कोंडून ठेवलं असेल, बायका-मुलं ओलीस ठेवली असतील, तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी आणि पोलीस यांच्याकडे तातडीनं अर्ज. ज्या जिल्ह्यात माणूस अडकलाय तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज गेला तर सुटका लवकर होते, बीडमधून अर्ज पाठवून वाट पाहत बसू नका.

१४. घर किंवा शेत बँक थेट विकू शकते का?

घर, दुकान, एनए (बिगरशेती) प्लॉट तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्यानं न्यायालयात न जाता विकू शकते. क्रम असा: खातं अनुत्पादक झाल्यावर ६० दिवसांची नोटीस, तुम्ही हरकत दिली तर बँकेनं १५ दिवसांत कारणासह उत्तर, मग आधी कागदोपत्री आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष ताबा, मग लिलाव. बँकेच्या ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. लिलावाची जाहिरात निघण्याआधी पूर्ण बाकी भरली तर मिळकत सुटते, नंतर हा हक्क जातो.

शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. बाकी १ लाखाच्या आत असेल किंवा मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरली असेल तरीही नाही. याचा अर्थ शेत कधीच जात नाही असा नव्हे: बँक न्यायालयातून आणि सहकारी संस्था प्रश्न १५ च्या वाटेनं येते.

१५. पतसंस्थेचा ‘एकशे एकचा दाखला’ आलाय. म्हणजे काय?

सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकानं दिलेला वसुली दाखला. त्यावर वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो, दिवाणी दावा लागत नाही. दाखल्याआधी सुनावणीची नोटीस येते. तिथे हजर राहून भरण्याच्या पावत्या, चुकीचं व्याज, न मिळालेल्या नोटिसा हे मांडायचं असतं. लोक तिथे जात नाहीत आणि दाखला निघाल्यावर धावतात. मग पुनरीक्षण अर्ज करायला वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात.

१६. न्यायालयाचा हुकूमनामा झाला. काय जप्त होतं, आणि तुरुंगात टाकतात का?

अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची गरजेची अवजारं-बैल-बियाणं, शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर (त्याच घराचं तारण दिलेलं नसेल तर), भविष्य निर्वाह निधी, यांवर जप्ती येत नाही. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. ३१,००० पगार असेल तर जास्तीत जास्त १०,००० जप्त होतात. पोटगीच्या हुकूमनाम्याला ही मर्यादा वेगळी आहे.

गरिबीपायी देता येत नाही म्हणून तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. ऐपत असून लपवलं हे सिद्ध झालं तरच दिवाणी कैद. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. चेकचा खटला मात्र फौजदारी, तो वेगळा (प्रश्न १२).

१७. एकरकमी तडजोड करताना काय पाहायचं?

बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं: एकूण रक्कम, तारीख, हप्ते, आणि ‘यानंतर काही येणे राहणार नाही’ हे वाक्य. एजंटच्या व्हॉट्सॲपवर एक रुपयाही भरू नका. ठरलेली तारीख एक दिवस चुकली तरी तडजोड मोडू शकते, म्हणून हातात पैसे असल्याशिवाय सही करू नका.

भरल्यावर निम्मं काम उरतं. येणे नसल्याचा दाखला घ्या, मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. मग तलाठ्याकडे अर्ज देऊन बोजा उतरवून घ्या, फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून डोळ्यांनी पाहा. पतमाहिती अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे मान्य करूनच तडजोड करा.

लोकअदालतीत तडजोड चांगली होते, पण तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. परवडणार नाही असा हप्ता भिडेपोटी कबूल करू नका.

१८. सरळ दिवाळखोरी जाहीर केली तर सगळं माफ होतं ना?

नाही. नादारी हा शेवटचा उपाय आहे आणि थोड्याच लोकांना खरा उपयोगी पडतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा साध्या व्यक्तींसाठीचा भाग लागू केलेला नाही. तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे (प्रश्न २१). म्हणून मुंबईबाहेर अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो.

अर्ज न्यायालयात, वकिलामार्फत. देणं फेडता येत नाही हे निवेदन, प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव-पत्ता-रक्कम, तुमची सगळी मालमत्ता, आणि ती न्यायालयाच्या हवाली करायची तयारी, हे त्यात लागतं. नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. जप्ती न येणाऱ्या वस्तू (प्रश्न १६) राहतात. धनकोंना परवानगीशिवाय दावे करता येत नाहीत. अटकेपासून संरक्षण वेगळं मागावं लागतं.

चूक इथे होते: न्यायालय नादार ठरवताना मुक्तीचा, म्हणजे देण्यांतून सुटण्याचा, अर्ज करायला मुदत देतं. ती चुकली तर नादारीच रद्द होते आणि सगळे धनको पुन्हा मोकळे. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तारण असलेल्या कर्जाला नादारी अडवत नाही. सरकारी देणी, फसवणुकीनं केलेलं देणं आणि पोटगी मुक्तीनंतरही राहतात. मुक्ती मिळेपर्यंत नादारी लपवून ५० रुपयांची उधारीसुद्धा घेतली तर गुन्हा आहे. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकराला आपल्या विभागाला कळवावं लागतं.

आणि अर्जाआधी जमीन भावाच्या नावावर करू नका. नादारीच्या अर्जाआधीच्या २ वर्षांतली मोबदल्याशिवायची हस्तांतरणं रद्द होऊ शकतात. अर्जाआधीच्या ३ महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन केलेला भरणाही. विनातारण देणी फार, मालमत्ता जवळपास शून्य, आणि अंगावर हुकूमनामे, अशा माणसालाच हा मार्ग सुचवता येतो. दीड एकर वाचवायचं असेल तर हा मार्ग नाही.

१९. तीन वर्षं झाली की कर्ज बुडतं हे खरं आहे का?

अर्धं खरं. साध्या देण्याचा दावा ३ वर्षांत करावा लागतो. पण मुदतीच्या आत तुम्ही लेखी कबुली दिली किंवा लेखी नोंदीनं थोडा भरणा केला, तर ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच एजंट ‘पाचशे तरी भरा, सही करा’ म्हणतो. मुदत संपल्यावर फेडण्याचं लेखी वचन दिलं तर मेलेलं देणं पुन्हा जिवंत होतं. गहाणाच्या दाव्याला १२ वर्षं आणि झालेल्या हुकूमनाम्याच्या अंमलालाही १२ वर्षं.

२०. वडील वारले. त्यांचं कर्ज आम्ही फेडायचं का?

वारसावर जबाबदारी फक्त वडिलांकडून आलेल्या मिळकतीच्या किमतीपर्यंत. तुमच्या पगारातून, तुमच्या कमाईच्या घरातून नाही. फक्त तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर. २००५ पासून केवळ मुलगा म्हणून वडिलांचं देणं फेडायचं बंधन उरलेलं नाही. दुःखाच्या दिवसांत ‘मी फेडीन’ असं लिहून देऊ नका.

एकही हप्ता भरण्याआधी विमा शोधा. गृहकर्ज आणि गटाच्या कर्जातून वाटपाच्या वेळीच विम्याचा हप्ता कापलेला असू शकतो. पासबुकात मेच्या आसपास ४३६ रुपये कपात दिसली तर जीवनज्योती विम्याचे २ लाख, २० रुपये दिसले तर अपघाती मृत्यूला सुरक्षा विम्याचे २ लाख. शेतकऱ्याचा मृत्यू अपघाती असेल, वीज पडून किंवा सर्पदंशानं असला तरी, गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच अर्ज करा.

२१. मी फक्त जामीनदार आहे. आधी त्याच्याकडून वसूल करा असं म्हणू शकतो का?

म्हणून उपयोग नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, धनको थेट तुमच्याकडे येऊ शकतो. तुम्ही भरलंत तर तेवढी रक्कम आणि तारणावरचा हक्क तुमच्याकडे येतो. पावती ‘जामीनदार म्हणून भरले’ अशीच घ्या. बँकेनं तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या असतील तर सुटका होऊ शकते, पण छापील करारात ती संमती आधीच घेतलेली असते, ते कलम शोधा.

वाळूज-शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडच्या संचालकांना मोठा फरक पडतो. कंपनी वेगळी असली तरी बँकेला दिलेली वैयक्तिक हमी तुमची स्वतःची, आणि तिथे २०१६ ची संहिता लागते. अर्ज दाखल झाला की त्या देण्याच्या कारवाया तात्पुरत्या थांबतात, चेकचे खटले थांबत नाहीत.

२२. ज्या पतसंस्थेत ठेव अडकली, तिचंच कर्जही माझ्यावर आहे. हप्ते भरू का?

स्वतःहून थांबवू नका. थकबाकीचा दाखला (प्रश्न १५) तुमच्यावर निघतो आणि ठेव तिथेच राहते. प्रशासक किंवा अवसायकाकडे (बुडालेली संस्था गुंडाळणारा अधिकारी) ठेवपावती आणि कर्ज उतारा जोडून समायोजनाचा लेखी अर्ज करा, आवक क्रमांक घ्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेला नाही. ठेवीसाठी आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार नोंदवून ठेवीदारांच्या यादीत नाव घाला, नाहीतर जप्त मालमत्ता विकल्यावर वाटपात नाव सापडत नाही.

२३. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. तालुक्याला समिती असते. बाई, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता, इतरांना ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

२४. घरातला माणूस कर्जामुळे बोलेनासा झालाय, ‘माझ्यानंतर सगळं मिटेल’ म्हणतो.

हे वाक्य गंभीरपणे घ्या, आजच. त्याला एकटं सोडू नका. घरातलं, गोठ्यातलं, शेताच्या खोलीतलं फवारणीचं औषध आत्ता उचलून शेजारी किंवा भावाकडे कुलपात ठेवा. तो अवघड क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव ठरतो. टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, तुम्ही त्याच्या वतीनंही फोन करू शकता. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. त्याच्या मरणानं देणं मिटत नाही, मिळकतीवर ते तसंच राहतं (प्रश्न २०), हे त्याला शांतपणे सांगा. वही तुम्ही हातात घ्या, वसुलीचे फोन तुमच्या नंबरवर वळवा, आणि उद्या सकाळी बँकेत त्याच्यासोबत जा.